सुरवसे सरांच्या घरातला दुसरा आवाज

कळंबच्या कॉलेजात रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये सुरवसे सरांनी चहाचा कप खाली ठेवला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "एडवर्डचं काही खरं नाही."

मला वाईट वाटलं. "कोण, ओळखीचे?"

"पोरगा आहे हो. पंधरा वर्षांचा. खोकल्यातून रक्त पडतंय."

"मग दवाखान्यात नेलंय ना?"

सर माझ्याकडे बघत राहिले. बाकीचे प्राध्यापक कपात तोंड घालून हसत होते. हा एडवर्ड म्हणजे इंग्लंडचा राजा, आणि त्याला मरून पावणेपाचशे वर्षं होत आली, हे भूगोलाच्या बाईंनी मला नंतर सांगितलं.

मुकुंद सुरवसे मूळचे भूमकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. इंग्लंडच्या ट्यूडर घराण्यावर त्यांनी पीएचडी केली होती. मार्गदर्शक म्हणाले होते म्हणे, "निजामाचा एवढा इतिहास दाराशी पडलाय. तुमचं त्या राजवाड्यात काय काम?" त्यावर सरांचं उत्तर होतं, "सर, तिथं एका रात्रीत देव बदलतो."

हे वाक्य ते आजही म्हणायचे, आणि म्हणताना आवाज खाली आणायचे. आठव्या हेन्रीनं पोपशी नातं तोडलं. त्याच्या मुलानं, म्हणजे या एडवर्डनं, चर्चमधल्या मूर्ती काढायला लावल्या. तो गेल्यावर थोरली बहीण मेरी गादीवर आली, तिनं सगळं परत आणलं. मग धाकटी एलिझाबेथ आली आणि पुन्हा उलटं. "राजांचं सोडा," सर म्हणायचे, "गावातल्या म्हातारीनं काय करायचं? काल ज्याला हात जोडले, तो आज गुन्हा. ती मूर्ती लपवते. आणि लपवलेली मूर्ती अंधारात काय करत असेल?" सरांचं सगळं संशोधन या लपवलेल्या श्रद्धेवर होतं. परदेशी नियतकालिकांत लेख छापून यायचे. एकदा तिकडून परिषदेचं बोलावणंही आलं. "आईला सोडून कसं जाणार," एवढंच म्हणून त्यांनी विषय मिटवला. इंग्लंड त्यांनी पाहिलंच नाही.

वर्गात मात्र ते तिथंच असायचे. "मेरी आता खिडकीपाशी उभी आहे," असं म्हणून ते थांबायचे आणि साठ माना खिडकीकडे वळायच्या. एकदा लोहारा गावच्या एका मुलीनं खिडकीऐवजी मागं पाहिलं आणि किंचाळलीच. मागं शिपाई उभा होता, नोटीस घेऊन. सर शांतपणे म्हणाले, "ही नव्हे. मेरी बुटकी होती."

मला घर मिळालं ते सरांच्या शेजारचंच. मधे एकच भिंत. घरमालक शिंदेकाकांनी किल्ली देतानाच बजावलं, "सरांची आई खाटंवर हाय, कंबर मोडल्यापासनं. धाकटा भाऊ भारत, काळीपिवळी जीप चालवायचा, तो सोलापूरच्या दवाखान्यात वारला. म्हातारी तवा प्लास्टरात होती, तिला सांगितलं न्हाय. तिला वाटतंय पोराला टीबी झालाय आन् डाक्टरनं जवळ यायला मनाई केलीय. तुमी बी बोलू नका."

"भारत लहान होता का?"

"चाळिशीचा. लगीन केलं न्हाय. म्या सोता खांदा दिलाय तेला."

तिसऱ्याच दिवशी दिवेलागणीला भिंतीपलीकडून खोकला आला. ओला, खोल, छाती खरवडून काढणारा. मग एक भरड आवाज आला, सरांचा नव्हे. "माय, जेवलीस का गं?"

सुनीता, माझी बायको, कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात तसाच राहिला. "घरात सर आणि आजी दोघंच आहेत ना?"

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याकडे विरजण मागायला गेली आणि पांढरीफटक होऊन परत आली. आजींच्या खाटेसमोर एक बंद खोली होती म्हणे, आणि उंबऱ्याशी पुरुषाच्या चपला. सरांच्या पायापेक्षा बऱ्याच मोठ्या. "सकाळी मी दारातून पाहिल्या तेव्हा भिंतीकडं तोंड करून होत्या. आता दाराकडं आहेत."

आम्ही दोघंही शिकलेली माणसं. तरी त्या संध्याकाळी सुनीतानं दाराला लिंबू-मिरची बांधली आणि मी ती सरळ केली.

शेवटी एका रविवारी मीच गेलो, सरांकडून एक पुस्तक आणायचं निमित्त काढून. दार उघडंच होतं. आजी खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या. सर पाठमोरे, हातात वाढलेलं ताट. ते त्या बंद खोलीत गेले आणि दार आतून लोटलं. पुढच्या क्षणी आतून तो खोकला आला. मग तोच भरड आवाज, "माय, थंडी वाजती का? शाल घे की अंगावर."

मी त्या खोलीच्या खिडकीशी सरकलो. फटीतून आत दिसलं. खोलीत सर एकटे. मांडी घालून भाकरी खात होते आणि भावाच्या आवाजात बोलत होते. बोलताना त्यांचा चेहरासुद्धा त्यांचा राहिला नव्हता.

बाहेर आल्यावर त्यांनी मला पाहिलं. अंगणात नेलं.

"हेन्री मेला, तेव्हा दरबारानं तीन दिवस बाहेर कळू दिलं नाही," ते म्हणाले. "ताट रोजच्यासारखं वाजतगाजत आत जात होतं. मला वाटलं, आईची कंबर जुळेपर्यंत आपणही चार दिवस निभावू. आता दुसरं वर्ष आहे." मग पोटावरून हात फिरवत म्हणाले, "त्याच्या चपला फिरवतो, दोघांचं जेवतो. वजन फार वाढलंय."

"आणि खोकला?"

"एडवर्डचा. वर्णनं वाचून बसवला."

मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला.

त्यानंतर पावसाळ्यात, सर परीक्षेच्या कामाला गेले असताना सुनीतानं माझ्या हाती आजींसाठी धपाटे पाठवले. आजींनी मला जवळ बसवलं.

"मास्तर, एक सांगते. मुकिंदाला कळू द्यायचं न्हाय. भारत माझा गेलाय."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी कशाला सांगतंय? लेकरू माझं हाय ते. भारतनं उभ्या जन्मात मला 'जेवलीस का' म्हणून इचारलं न्हाय. जीप लावायचा, 'वाढ' म्हणायचा, जेवून झोपायचा. लई तिरसट." त्या छताकडे बघत होत्या. "हा कॉलेजात गेला की रडून घ्यायची. आता रडू बी सरलं."

"मग सरांना थांबवत का नाही?"

"मुकिंदा साळंत गेला तवापासनं माझ्याशी धड बोलला न्हाय वो. समदं करतो. गोळ्या, अंघोळ, समदं. पर 'आई, गोळी' आन् 'आई, पाणी', येवढंच. त्या खोलीत गेला की बोलतो. थंडी वाजती का इचारतो. थांबवू कशी?"

मी दोघांच्या मधे अडकलो. भिंतीपलीकडून भारत बोलू लागला की आता भीती वाटायची नाही, पण त्यापेक्षा काहीतरी अवघड वाटायचं. सुनीता रेडिओ मोठा करायची.

पुढच्या थंडीत आजींनी अन्न सोडलं. डॉक्टर बघून गेले आणि काही लिहून न देताच गेले. दुपारची वेळ होती. सर खाटेशी खुर्चीवर, मी आणि सुनीता दाराशी.

"भारतला बोलीव," आजी म्हणाल्या.

सर उठले, खोलीकडे निघाले. आजींनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं. एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

"कुठं चाललास मुकिंदा? हितं बस. हितनंच बोल."

सर तसेच उभे राहिले. त्यांनी आधी त्या बंद दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर खाली घातली. ते हळूहळू खाली बसले, खुर्चीवर नव्हे, जमिनीवर, खाटेच्या पायथ्याशी. बराच वेळ ओठ नुसते हलत होते. मग आवाज फुटला. तो भारतचा नव्हता, आणि वर्गातल्या सरांचाही नव्हता. तो मी त्यापूर्वी कधीच ऐकला नव्हता.

"माय," ते म्हणाले, "पाय चेपू का गं?"

आजींनी पांघरुणाखालून एक पाय हळूच त्यांच्याकडे सरकवला.

"चेप," त्या म्हणाल्या.