जॅकेट पास, शिवदास नापास

"आतलो शर्ट सुको रवलो, तरच तुमका धबधब्यार सोडतलंय," मालतीने नवऱ्याला सांगून टाकले आणि शिवदासांनी ही अट तिथल्या तिथे मान्य केली. मान्य करताना त्यांना वाटले होते की परीक्षा जॅकेटची आहे.

गेल्या पावसाळ्यात शिवदास गावातल्या स्वप्नीलच्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर वाळपईपलीकडच्या एका धबधब्यावर गेले होते. तिथून भिजल्या कपड्यांनिशी बसमध्ये बसून कोरगावला परतले आणि मग आठवडाभर तापाने फणफणले. त्या आठवड्यात मालतीने त्यांना पेज भरवली, काढे पाजले आणि भरपूर बोलणीही ऐकवली. पण काही झाले तरी निवृत्तीनंतर स्वतःच्या मनाने केलेली ती एकच गोष्ट होती. यंदाही जायचे म्हणजे जायचेच, असे त्यांनी ठरवले होते. म्हणून तर पुण्याहून लेकीने, कोमलने, हे जॅकेट पाठवले. पोपटी रंगाचे, मुठीत मावेल इतके हलके. बाहेरचे पाणी ते आत येऊ देत नाही आणि आतला घाम बाहेर सोडते, असे त्याच्या चिठ्ठीवर छापले होते.

"एकाच भोकातसून?" मालतीने विचारले. "मगे त्या भोकाक कसा कळता, कोण पाणी आणि कोण घाम?"

शिवदासांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचून पाहिली. पण त्यांची उभी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गळत्या शोधण्यात गेली होती. परीक्षा घेतल्याशिवाय नळाच्या वायसरवरसुद्धा त्यांचा विश्वास बसत नसे. त्यात बसमध्ये एकच सीट उरली आहे, संध्याकाळपर्यंत नाव कळवा, असे स्वप्नीलने बजावले होते.

अडचण एवढीच होती की महिना मे होता आणि आकाशात औषधालाही ढग नव्हता. सकाळीच शिवदासांनी शेजारच्या बाबलीला हाक मारली.

"बाबली, हो पाइप धर आणि माझ्यार पाणी मार."

"कित्याक? वयनीन सांगल्यान?"

"परीक्षा असा. तू मार."

बाबली मन लावून काम करणारा माणूस होता. त्याने पुढून मारले, मागून मारले, टोपीवर मारले. शिवदास हनुवटीपर्यंत चेन लावून, उन्हात डोळे मिटून गावाच्या राखणदार देवचारासारखे उभे राहिले. पुरे म्हटल्यावर मालती पुढे झाली, चेन खाली ओढली आणि तिने हात आत घातला.

"ओलो!"

"अगो, तो घाम!"

"घाम काय पाणी, माका काय ठावक? ओलो तो ओलो."

"घाम खारट असता. चाखून बघ."

मालतीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले की पुढचे बोलायची गरज उरली नाही. बाबली पाइप घेऊन दोन पावले मागे सरला. "माका सांगू नकात हां," तो म्हणाला.

दुसरा कोणी असता तर इथे जॅकेट कपाटात गेले असते. शिवदास मात्र अंगणाच्या पायरीवर बसून खात्यातल्यासारखा विचार करू लागले. गळती सापडत नसेल तर आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा. पाणीच लावायचे नाही. कोरड्या अंगाने धावून यायचे. तरी शर्ट ओला झाला, तर तो घामच ठरणार, आणि मग सकाळचा ओलावाही घामाचाच. हिशेब इतका चोख जमला की त्यांनी घाईघाईने नवा शर्ट घातला, वर जॅकेट चढवले, टोपी डोक्यावर ओढली आणि टळटळीत दुपारी देवळाच्या चढणीकडे धाव ठोकली.

आता हे दिवस पुरुमेंताचे. पावसाळ्याची बेगमी म्हणून वाड्यावरच्या एकूणएक अंगणात काही ना काही वाळत पडलेले होते. कुठे कोकमाची सोले, कुठे मिरच्या, कुठे फणसाचे पापड. आणि कोरगावची एक जुनी सवय होती. नळ बंद राहणार असला की ती बातमी सर्वांत आधी शिवदासांच्या घरी यायची. ते आपली पिंपे भरू लागलेले दिसले की सारा वाडा कळशा घेऊन नळाकडे धावायचा. कारण कोणी विचारत नसे, कारण विचारत बसणाऱ्याची कळशी रिकामी राहायची.

त्यामुळे पोपटी जॅकेटची टोपी वर ओढून धावत सुटलेले शिवदास दिसले, तेव्हा पापड परतत बसलेल्या सुलोचनाने वर आकाशाकडे पाहिलेसुद्धा नाही.

"पाऊस येता गो!" ती ओरडली. "शिवदास भावजींका खात्यातसून फोन इलो! वाळवण आत घेया!"

हाक एका अंगणातून दुसऱ्या अंगणात उडत गेली. बायका धावल्या, सुपे धावली, चटया गुंडाळल्या गेल्या. शिवदासांना वाटले, आपल्याला धावताना पाहायला लोक बाहेर येताहेत. या वयात असे कौतुक कोणाला नको असते? त्यांनी वेग वाढवला. त्यांचा वेग वाढला तशी पाऊस अगदी पाणंदीपर्यंत आला असे समजून मागच्या बायकांनीही वेग वाढवला. घरी मालतीच्या कानावर हाक गेली. आपला नवरा कशासाठी धावतो आहे हे तिला चांगले माहीत होते. पण जन्मभराची सवय अक्कल येईपर्यंत थांबत नाही. तिनेही अर्धवट वाळलेली सोले टोपलीत कोंबली आणि घरात नेली.

शिवदास परतले तेव्हा अंगणात वाड्यावरच्या बायका जमल्या होत्या आणि वर आकाश निळेशार होते.

"पाऊस खय असा?" सुलोचनाने विचारले.

"कसलो पाऊस?"

"आता कसलो म्हणून आमकाच इचारतास? हे बघा!" तिने सूप पुढे केले. घाईत एकावर एक टाकलेले ओलसर पापड घट्ट चिकटून बसले होते. "इतके पापड घातल्लंय, तेंचो आता एकच पापड झालो!"

शिवदासांना मनापासून वाईट वाटले. पण माणूस जिद्दीचा होता आणि संध्याकाळ जवळ येत होती.

"सुलोचना, तुझे पापड मी सोडवून दितंय. पण मालती, आदी शर्ट बघ."

मालतीने चेन ओढली. शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता.

"बघलंस?" शिवदास आनंदाने ओरडले. "पाण्याबगर ओलो झालो! म्हणजे सकाळीव घामच होतो. जाकेट गळणा नाय!"

"पण घाम भायर सोडता म्हणून लिवलेला मा? मगे तो भायर गेलो कित्याक नाय?"

इतक्या धावपळीत हा प्रश्न शिवदासांना एकदाही सुचला नव्हता.

"भायर हवेकच घाम फुटलो असा," बाबली म्हणाला. "तो बिचारो जातलो खय?"

"घामाचा जळांदे," सुलोचना म्हणाली. "पाणी आत जाता काय नाय, ता तरी कळांदे. तेच्यापायी आमचे पापड गेले. पण ह्यांका घालू नकात, हे नुसते उभे रवले तरी निथळतत."

"माका द्या ता," मालती म्हणाली.

तिने साडीवर जॅकेट चढवले, अंबाडा टोपीत कोंबला आणि तुळशीजवळ शांतपणे उभी राहिली. "बाबली, वरसून मार. हयसर खांद्यार. आता पाठीर. लाजू नको," असे ती सांगत गेली आणि बाबली मारत गेला. मग सुलोचनाने स्वतः हात घालून तपासले.

"सुकी गो! थेंब नाय!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. शिवदासांचा ऊर भरून आला. त्यांनी ओल्या हातानेच स्वप्नीलला फोन लावला. "स्वप्नील, जाकेट पास झाला! नाव लिही—"

मालतीने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. "होय रे बाबा, लिही. मालती. होय, माझाच. अट आतलो कपडो सुको रवाक होयो अशी होती. माझो रवलो, तेंचो नाय."

अट मान्य केलेली होती आणि साक्षीला अख्खा वाडा उभा होता. जूनमधल्या सहलीच्या रविवारी शिवदास मालतीला धारगळच्या हमरस्त्यावर बसमध्ये बसवून आले आणि दिवसभर गॅलरीत बसून पावसाकडे बघत राहिले. त्यांना फार वाईट वाटत होते, आणि ते वाईट वाटणे सांगायलाही घरात कोणी नव्हते.

संध्याकाळी मालती आली. केसांतून पाणी गळत होते, पण अंगावरची साडी कोरडी होती.

"जाकेटान राखला मा?" शिवदासांनी रुसवा विसरून विचारले.

"राखला तर. ही साडी तेच्यात गुंडाळून नेल्लंय." तिने पिशवीतून दुसरी, चिंब भिजलेली साडी काढून बादलीत टाकली. "धबधब्याखाली जाकेट घालून उभा रवायचा, तर घरातच बसलंय नसतंय?"

मालती बादलीजवळ बसून ती साडी खळबळू लागली. मग हळूच म्हणाली, "जल्मभर पाणी भरलंय. पाणी आपणहून माझ्यार येवन पडला, ता आज पयल्यांदा. तुमी गेल्या वर्सापासून कित्याक हट्ट करतास, ता माका आता कळला."

आणि उठता उठता तिने सांगितले, "पुढल्या आयतवारी दोगव जावया. तुमका भिजलात म्हणून ताप इल्लो नाय. तसेच ओले बसमदी बसलात म्हणून इल्लो."

पुढच्या रविवारी धबधब्याखाली दोघे हात धरून उभे होते. डोक्यावर पाणी कोसळत होते, शिवदासांचे दात वाजत होते आणि सदरा अंगाला चिकटला होता. काठावरून स्वप्नीलने ओरडून विचारले, "काका, जाकेट कसा असा? सगळ्यांसाठी घेवया म्हणतंय."

शिवदासांनी खडकावर, झाडाच्या आडोशाला ठेवलेल्या पोपटी गाठोड्याकडे बोट दाखवले.

"एक नंबर!" ते गर्जले. "आतले कपडे अजून सुके खडखडीत असत!"