रज्जाकभाऊंचे पुढचे दात

आमच्या अहेरीतले रज्जाकभाऊ शिंपी स्वतःच्या घरात शिरण्याआधी दारात उभे राहून मोठ्याने खोकतात. आत साप असला तर त्याला निघून जायला वेळ मिळावा म्हणून! मग काठीने चपला उलट्या करतात, खाटेखाली टॉर्च मारतात. मी शेजारी, मला हसू येतं. "काऊन हसता गुरुजी? हे भेव नाई, सावधगिरी हाये."

अशा माणसाच्या मोटारसायकलला आलापल्लीच्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं यावं! मी मागे बसलेलो. मी गवतात पडलो, भाऊ हँडलवर तोंड आपटून खाली आले. वरचे पुढचे दोन दात आत वळले. अंधारून येत होतं, डुक्कर झुडपात फुरफुरत होतं. माझा हात गच्च धरून भाऊ रक्ताळल्या तोंडाने पुटपुटत होते, "हालू नका, गुरुजी. हालू नका." मी कसला हलतोय!

जखम भरली, पण दात वाकडेच राहिले. भाऊ तोंडावर दुपट्टा धरून बोलू लागले. गिऱ्हाइकाशी, माझ्याशी, घरात बायकोशीसुद्धा. दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की मशीन जोरात चालवत. "सुई कपड्याले लावाची असते, मानसाले नाई."

आणि एका सकाळी तेच माझ्या दारात. "चंद्रपूरले चला. आत्ताच. मंग माही हिंमत राहनार नाई."

बसमध्ये प्रत्येक थांब्यावर ते उतरायला उठत, मी दंड धरून खाली बसवी. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पेनासारखा कॅमेरा त्यांच्या तोंडात फिरवला.

"शॉक तं नाई लागत?"

पडद्यावर त्यांचेच दात मुसळाएवढे दिसले, तसे भाऊंनी डोळे मिटले. बाईंनी कॉम्प्युटरवर दात सरळ करून दाखवले. "मुळांचा इलाज करू, मग दात घासून वर असे नवे बसवू. आधी तात्पुरते लावून बघू."

'घासून' ऐकताच भाऊंची नखं माझ्या मनगटात रुतली. बाईंना दया आली. "काका, इतकी भीती वाटते तर राहू द्या ना. जेवता तर येतंय."

"नाई बाई, घासा." भाऊ म्हणाले. "माही बायको, सायराबी, बहिरी हाये. माह्या ओठाकडे पाहून ऐकते. मी लाजेनं तोंड झाकून राह्यलो, अन् तिले वाटलं, मी तिच्याशी बोलनंच सोडलं. काल रडत होती. 'मेरे पे गुस्सा हो क्या?' म्हने."

सुई आली, घरघर सुरू झाली. भाऊंनी खुर्ची सोडली नाही, माझा हातही सोडला नाही.

काही फेऱ्यांनंतर पक्के दात बसले. त्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा सायराबी अंगणात तांदूळ निवडत होती. भाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले, दुपट्टा खाली घेतला आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवून काहीतरी म्हणाले. मला काही कळलं नाही.

सायराबी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"और एक बार बोलो," ती म्हणाली.