मालतीबाई आणि हिरवा बाण

आमच्या शेजारच्या मालतीबाई रोज सकाळी अकरा वाजता एका बाणाला गाढव म्हणतात. बाण संगणकाच्या पडद्यावरचा, हिरवा. "गाढवा, ध्यान कुठंय तुझं? फिर से!" आवाज इतका खणखणीत, की गल्लीतला भाजीवाला बिचारा पुन्हा एकदा भाव सांगतो.

त्या बाणाचं पाप माझंच. मी नानाखेड्यात घरी बसून इंदूरच्या एका कंपनीचं काम करतो. ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलला मी एक सोय जोडली: बोलता बोलता दोघांना एकच वेबपान पाहता यावं. एकानं पान सरकवलं की दुसऱ्याकडेही सरकतं, आणि दोघांचे बाण दोन रंगांत दिसतात. दुकानदारानं गिऱ्हाइकाला माल दाखवावा, एवढाच हेतू. मालतीबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "हे आम्हाला लावून दे बेटा. आजच." मला वाटलं, कुणाची तरी शिकवणी घेणार असतील. बाई निवृत्त शिक्षिका, त्यांना नाही म्हणायची आमच्या कॉलनीत कुणाची छाती होत नाही.

मालतीबाई वेबसाइट्सनाही दहापैकी गुण देतात. मधेच जाहिरात उडी मारून आली, की "उद्धट!" म्हणून दोन गुण कापतात.

परवा मात्र हद्द झाली. "पहिलीतलं पोर सांगेल हे! फिर से!" मला राहवेना. माझ्याच सोयीनं कुणाच्या तरी लेकराचा छळ चाललाय, या विचारानं मी तडक त्यांच्या घरात शिरलो आणि दारातच थिजलो.

पडद्यावर लेकरू नव्हतंच. पांढऱ्या केसांचे, ओठ एका बाजूला झुकलेले एक गृहस्थ होते.

"माझा धाकटा भाऊ, बंडू. जबलपूरला असतो," बाई म्हणाल्या. "अर्धांगवायूनं याचं वाचणं गेलं, बोलणंही. डॉक्टर म्हणतात, प्रॅक्टिस करवून घ्या. जन्मभर पहिलीलाच शिकवलं मी. याला कशी सोडीन?"

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. तेवढ्यात हिरवा बाण थरथरत कोपऱ्यातल्या फुलीवर गेला आणि बाराखडीचं पान दोन्हीकडे बंद झालं! मला वाटलं, माझ्या प्रोग्रामचीच काहीतरी गडबड. मग दुसरं पान उघडलं. क्रिकेटचं.

पाच महिन्यांत बाईंनी सांगितल्याशिवाय बंडूभाऊंनी बाण हलवला नव्हता.

"बाई, किती छान!" मी ओरडलोच. पण त्यांनी मान खाली घातली.

"हो ना," त्या हळूच म्हणाल्या. "आता याला कशाला लागते मी? उद्यापासून अकराला काय करू रे?" इतक्या वर्षांत त्यांचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

पलीकडे बंडूभाऊंनी बाण पहिल्या ओळीवर आणून ठेवला. बहिणीचा बाण शेजारी येईपर्यंत ते थांबले. मग एकेक अक्षर लावत वाचू लागले, "भा... र... त..."

मालतीबाईंना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि तासभर सगळा धावफलक ऐकला.