अस्सल ब्रह्मकमळ

लातुरात कुणाच्या घरी ब्रह्मकमळ उमललं की गल्ली गोळा होते, कुंडीला हळदकुंकू लागतं, आरती होते. आरती संपत आली की बिराजदार सर मोठ्यांदा म्हणतात, "अहो, ते निवडुंग हाय! मेक्सिकोचं. ब्रह्मकमळ हिमालयात ऱ्हातंय, बारा हजार फुटांच्या वर. दुसरीकडं कुठंच न्हाई."

त्यामुळे सरांना आता कुणी बोलवत नाही. ते न बोलावता येतात.

आमच्या क्लासमध्ये सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मी फिजिक्स. औसा, मुखेडहून पोरं यायची ती डॉक्टर व्हायला, आणि सर एका फुलावर दोन दोन तास घालवायचे. कुणी विचारलंच, "सर, हे परीक्षेला आहे का?" तर म्हणायचे, "न्हाई. म्हणून तर नीट ऐका." क्लासच्या मालकांनी हात जोडले. सरांनीही हात जोडले आणि पुढच्या तासाला पुन्हा तेच फूल.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच टुमणं लावलं, "मंगलला अस्सल ब्रह्मकमळ दाखवायचंय." मंगलकाकू म्हणजे त्यांची बायको. घरचा जिना चढताना तीनदा टेकणाऱ्या काकूंना हे हिमालय चढवणार! मी खो खो हसलो, आणि त्याची शिक्षा म्हणून सोबत गेलो.

वाटेत काकू खेचरावर डोळे घट्ट मिटून बसलेल्या. सर खेचरवाल्याला आमच्याकडच्या हिंदीत समजावत होते, "अपनी करडई है ना, ये फूल उसकीच भावकी का है." शेवटच्या चढाला खेचर अडलं. मग पायी. दहा पावलं चालायची, थांबायचं. माझाच धीर सुटला. म्हटलं, "सर, मी पुढं जाऊन फोटो काढून आणू का?"

"फोटो तर तीस वर्षं दाखवायलोय की," सर म्हणाले आणि त्यांनी काकूंचा हात आणखी घट्ट धरला.

आणि खडकाआड फुलं दिसली! एक नाही, चांगली दहा-बारा. मी आनंदाने ओरडलोच. सरांची छाती फुगली. "बघ मंगल. अस्सल!"

काकूंनी पदराने चष्मा पुसला, वाकून नीट निरखलं. "अगं बाई, हे तर कोबीवाणी हाय. आपल्या कुंडीतलंच बरं की हो!"

कुंडीतल्या त्या फुलापायी या माणसाने अर्ध्या लातूरशी वैर घेतलं होतं. सरांनी फुलाकडे पाहिलं, मग काकूंकडे. "हाव," ते म्हणाले, "आपलंच बरं हाय." आणि खदखदून हसले.

उतरताना सर खेचरवाल्याशी बोलत पुढे गेले. काकू मला म्हणाल्या, "भाऊ, भूकंपानंतर वरीसभर मी छताखाली झोपले न्हाई. भांडं वाजलं तरी उठून बसायची. हे अंगणात माझ्या उशाशी बसायचे, आन् मला झोप लागंस्तोवर ह्याच फुलाचं सांगायचे. त्यांनाबी लई भ्या वाटायचं, पण कधी बोलले न्हाईत." त्या थांबल्या, दम घेतला. "दिसायला कसंबी असू दे. मला त्याला एकदा भेटायचं होतं."