बंबसाहेबांच्या ताब्यात दिवा

“तुम्ही दोघी जा निर्धास्त. दिव्याकडे मी बघतो,” असं बंबसाहेब चहाचा कप खाली ठेवता ठेवता सहज बोलून गेले. एखाद्या पहिलवानाने ‘द्या, तान्ह्या बाळाला मी झोपवतो’ म्हणावं आणि घरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहावं, तशा बायको आणि लेक पाहत राहिल्या.

तसं बंबसाहेबांचं काही चुकलं नव्हतं, आड येत होता तो त्यांचा पेशा. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत जाऊन ते लोकांना आग विझवायला शिकवत. (आगीच्या बंबासारखे गरजत, म्हणून बंबसाहेब. खरं नाव आता बायकोलाही आठवून सांगावं लागतं.) त्यांचं व्याख्यान एकाच वाक्याने सुरू होई, “भिजवणं म्हणजे विझवणं नव्हे!” पेटलेल्या तेलावर पाणी ओतणारा माणूस आग विझवत नाही, तिला घरभर फिरवून आणतो, हे सांगताना त्यांचे डोळे असे लकाकत की पुढच्या रांगेतले कारकून खुर्च्या मागे सरकवत.

हे शिक्षण त्यांच्या हाडीमांसी खिळलं होतं. घरात जळकी काडी आधी पाण्यात बुडायची, मगच केरात जायची. गॅसचं बटण बंद आहे का, हे ते इतक्यांदा बघत की बघता बघता एकदा त्यांनीच ते सुरू केलं होतं. भाचीच्या वाढदिवसाला गाणं संपायच्या आत त्यांनी केकवरच्या सगळ्या मेणबत्त्या एका फुंकरीत गार केल्या. भाचीने तेव्हापासून मामाशी बोलणं टाकलंय.

आणि अशा माणसाच्या घरात बायकोने अखंड दिव्याचा नवस केला होता! लेकीला अग्निशमन दलात जायचं होतं. मागच्या खेपेला ती मैदानावर सगळ्यांच्या पुढे पळाली होती, पण तोंडी परीक्षेत तिच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. वयाच्या अटीमुळे ही आता शेवटची संधी होती. “निवड होईपर्यंत देवापुढचा दिवा तेवत ठेवीन,” असं आई बोलून बसली. म्हणजे लेकीला विझवायची नोकरी लागावी म्हणून न विझणारा दिवा! देवाला यातली गंमत कळली असेलच. तो काही आपल्याइतका गंभीर नसतो.

त्या दिवसापासून घरात ‘विझणे’ या क्रियापदाला बंदी होती.

“दिवा विझला म्हणू नये. शांत झाला म्हणावं, मालवला म्हणावं. विझते ती आग,” बायको म्हणे.

“मग पोरीची तयारी कशी करून घेऊ? ‘लागलेली आग कशी मालवाल’ असं विचारू?”

“अंगणात जाऊन विचारा.”

त्यामुळे मुलाखतीची सगळी तयारी अंगणात झाली. बापलेक कुंपणाशी उभे राहून ‘विझवा, विझवा’ म्हणत आणि रस्त्यावरून जाणारे घाबरून आपलेच कपडे चाचपत.

परीक्षेचं गाव बसने दोन-अडीच तासांवर. लेकीला आई सोबत हवी होती. (“बाबा आले की तिथलेच अग्निशामक सिलिंडर तपासत बसतात.”) भल्या पहाटे निघताना बायकोने सूचना दिल्या. तेल दिव्याच्या काठाच्या खाली ठेवायचं. वात हळूच पुढे सारायची. जवळ शिंकायचं नाही. “आणि काही झालंच,” ती थबकली, मग नुसतंच हसली. “काही होणार नाही.”

दोघी दाराबाहेर पडल्या आणि बंबसाहेबांनी धोक्याची पाहणी सुरू केली. लाकडी फळी, धोका. कॅलेंडर, धोका. पडदा तर महाधोका! थोड्याच वेळात पडदे उतरले, कॅलेंडर गादीखाली गेलं, वर्तमानपत्रं गॅलरीत गेली, आणि दिवा भल्यामोठ्या स्टीलच्या पातेल्याच्या तळाशी जाऊन बसला. भोवती ओल्या चादरींचा कोट आणि हाताशी लाल सिलिंडर. काडेपेट्यासुद्धा त्यांनी खबरदारी म्हणून बादलीत बुडवल्या.

पातेल्यात ज्योत मिटमिटू लागली. ‘हवा बंद, तर आग बंद,’ असं हजारो लोकांना शिकवलेलं वाक्य बंबसाहेबांना आठवलं आणि दरदरून घाम फुटला. त्यांनी दिवा घाईने फळीवर परत ठेवला. खिडकी उघडली तर ज्योत आडवी झाली, लावली तर त्यांचाच जीव गुदमरला. शेवटी खिडकी अर्धवट उघडून त्या फटीत ते स्वतः उभे राहिले. पाठीला वारा, पोटाला दिवा. उभ्या आयुष्यात त्यांनी आगीच्या बाजूने एवढे कष्ट घेतले नव्हते.

तेवढ्यात शेजारच्या वहिनी दारात आल्या.

“भाऊजी, वाटीभर दिव्याचं तेल मिळेल का? अगंबाई, धुणं काढलंय की घर?”

“तेल कशाला?”

“असंच. थोडं चालू आहे घरी.”

“तेल गॅसपासून लांब ठेवा. पेटलं तर पाणी ओतू नका. भिजवणं म्हणजे...”

“विझवणं नव्हे. हो हो, आम्हाला भिंतीतून ऐकू येतं सगळं,” म्हणत वहिनी तेल घेऊन घाईघाईने गेल्या.

दुपारी बायकोचा फोन आला. “आत्ताच आत गेली हो ती. हात गार पडले होते पोरीचे. दिवा आहे ना?”

“आहे म्हणजे काय! मी आहे इथे!”

फोन ठेवून त्यांनी वात जरा पुढे सारली. लेकीसाठी म्हणून जरा जास्तच सारली, आणि तेल काठोकाठ भरलं. वात घसरली, तेलात आडवी झाली आणि भपकन वीतभर ज्वाळा उठली.

पुढचं बंबसाहेबांनी केलंच नाही, त्यांच्या हातांनी केलं. पिन ओढली. नळी आगीच्या बुडाशी धरली. मूठ दाबली. झाडू फिरवावा तशी नळी डावी-उजवी फिरवली. फळी, देव, भिंत, बंबसाहेब, सगळं पांढरंशुभ्र झालं. पावडरीचा ढग खाली बसला तेव्हा मोकळ्या खोलीकडे वळून ते सवयीने म्हणाले, “आग विझली. कुणाला काही शंका?”

शंका त्यांनाच आली. हळूहळू मान वळवून त्यांनी फळीकडे पाहिलं. तिकडे लेक परीक्षकांपुढे बसली होती, आणि इकडे तिच्या बापाने कारकिर्दीतलं सर्वांत सुंदर प्रात्यक्षिक करून दाखवलं होतं.

“देवा,” ते पावडरीखालच्या देवाला म्हणाले, “ती पोर आहे. हिशेब माझ्याशी कर.”

काडेपेट्यांचा बादलीत लगदा झाला होता. ते शेजारी धावले. वहिनींनी दार फटीपुरतं उघडलं, या पांढऱ्या माणसाला खालून वर पाहिलं आणि एकही प्रश्न न विचारता काडेपेटी हातात ठेवली. “घाबरू नका भाऊजी,” एवढंच म्हणाल्या. बंबसाहेबांना वाटलं, केवढी ही दया! बऱ्याच खटपटीनंतर नव्या वातीवर नवी ज्योत धरली. उरलेली दुपार ते फळी पुसत राहिले आणि मनाशी घोकत राहिले, बोलायचं नाही.

संध्याकाळी दार धाडकन उघडलं. “बाबा, निवड झाली!” लेकीने त्यांना मिठी मारली आणि स्वतःही पांढरी झाली. “त्यांनी विचारलं, आग विझवणं म्हणजे काय? मागच्यासारखी जीभ अडकणार होती, तेवढ्यात तुमचं वाक्य आठवलं. भिजवणं म्हणजे विझवणं नव्हे! मग सुरूच झाले मी. साहेब म्हणाले, कुणी शिकवलं? म्हटलं, बाबांनी. आणि इथे दिवा तेवतोय हे डोक्यात होतं ना, भीतीच वाटली नाही.”

ती दिव्यापुढे हात जोडायला वाकली. दुपारपासून बंबसाहेबांनी घोकलेलं सगळं तिथेच वाहून गेलं.

“नको गं, वाकू नकोस! हा तो दिवा नाही. तू आत होतीस तेव्हाच मी तो...” ते क्रियापद त्यांच्या जिभेवर येईना. “मी त्याला शांत केलं. सिलिंडरने.”

लेकीचे हात जोडलेलेच राहिले. बायकोने मात्र पिशवी खाली ठेवली, त्यांच्या भुवईवरची पावडर पदराने पुसली आणि दारातून हाक मारली, “वहिनी, आणा हो!”

वहिनी आल्या. तळहाताच्या आडोशाला एक दिवा, तेल काठाच्या बोटभर खाली, ज्योत कशी डुलत.

“पहाटे निघायच्या आधी देवापुढच्या ज्योतीवरच हा दुसरा दिवा लावून वहिनींकडे ठेवला होता,” बायको म्हणाली. “नवसाची ज्योत तीच. क्षणभरसुद्धा मालवली नाही.”

“म्हणजे तुझा माझ्यावर विश्वासच नव्हता?”

“असं कसं म्हणता? पूर्ण विश्वास होता. इतक्या वर्षांत तुम्ही एकतरी आग पेटती सोडलीय का?”

लेक हसायला लागली. वहिनींनी दिवा फळीवर ठेवला. बंबसाहेबांच्या छातीवरचा डोंगर उतरला. दिव्याकडे पाहत त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडण्यासाठी छातीभर हवा आत घेतली.

“अहो!” “बाबा!” “भाऊजी!” तिघी एकदम ओरडल्या. बायकोने दाराकडे बोट दाखवलं.

“तो अंगणात जाऊन सोडा!”