झिग्मुंटसाहेबांचे थोडेसे

आकाराम गुरुजींची नात प्रांजल शिक्षणासाठी पोलंडला गेली आणि तिथल्या मारेकशी लग्न करण्याचे तिने मनाशी ठरवले. मारेकचे वडील झिग्मुंटसाहेब कुंडलला येणार होते. त्यांचा होकार अद्याप मिळाला नव्हता. आदरातिथ्यात उणे राहू नये म्हणून गुरुजींनी नातीला फोनवर विचारले, की इंग्रजीतल्या ‘अ लिटल’ला पोलिश भाषेत काय म्हणतात?

उत्तर एक नव्हतेच. भात थोडा हवा तर ‘त्रोहे’, मीठ चिमूटभर हवे तर ‘श्चिप्ता’, थोडे थांबायचे तर ‘ह्फीले’. चाळीस वर्षे संस्कृत शिकवलेल्या गुरुजींना अल्प, ईषत्, किंचित् यांचे स्मरण झाले आणि त्या दूरच्या भाषेविषयी त्यांच्या मनात आदर दाटून आला. शब्द त्यांनी सुवाच्य अक्षरात वहीत उतरवले.

साहेबांना घरी पोहोचवून प्रांजल आणि मारेक ही मुले कागदपत्रांसाठी सांगलीला गेली. दुभाष्याचे काम गुरुजींकडे आले. पंगत मांडली गेली. दोन पुरणपोळ्या झाल्यावर गुरुजींनी विनयाने विचारले, “त्रोहे?”

“त्रोहे,” साहेब म्हणाले.

“काय म्हंत्यात?” गुरुजींच्या पत्नी हरणाबाईंनी यजमानांना विचारले.

“थोडीच वाढा म्हंत्यात. भिडस्त हाईत.”

गुरुजींच्या शास्त्राप्रमाणे शब्दाचा अर्थ प्रसंग पाहून लावायचा असतो. कुंडलात पाहुणा ‘थोडं’ म्हणाला तर वाढायचे. त्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तरच थांबायचे. साहेबांचे हात तर मांडीवर होते. शिवाय ते ताट इतके लख्ख करीत, की रिकाम्या ताटाकडे पाहून हरणाबाईंचा जीव कळवळे.

पाचव्या पोळीनंतर साहेब क्षीण स्वरात “ह्फीले” म्हणाले. थोडा वेळ मागत आहेत, म्हणजे पुढची पोळी गरम हवी असणार, असा अर्थ गुरुजींनी लावला. तेवढ्यात शेजारच्या मनुबाई आमटीचा वाडगा घेऊन आल्या. एका घरचे खाल्ले आणि दुसऱ्या घरचे परतवले, तर वर्षभर बोल लागला असता. गुरुजींनी खुणेने विनवले. साहेबांनी डोळे मिटून वाडगा रिकामा केला.

नववी पोळी संपली. साहेब उठले, अंगणातल्या बाजेपर्यंत कसेबसे पोहोचले आणि आडवे झाले. हाक मारली तरी बोलेनात. गुरुजींचा चेहरा उतरला.

“आवं, रागावलं की काय?” हरणाबाई कुजबुजल्या. “पोरीचं कसं व्हायचं आता?”

मुले परतली तेव्हा गुरुजी अपराध्यासारखे बाजेजवळ उभे होते. मारेक वडिलांपाशी वाकला. बाप-लेकांत बराच वेळ हलक्या आवाजात बोलणे झाले. प्रांजल ऐकत होती. तिने ओढणीचा पदर तोंडावर धरला.

“काय म्हंत्यात ते सांग बाई,” गुरुजी म्हणाले. “न्हाई म्हणाले तरी सांग.”

“आबा, त्यांना वाटलं, ही मुलाकडच्यांची परीक्षा आहे. ताटात काही उरलं तर तुम्ही मला देणार नाही. म्हणून मारेकसाठी खात राहिले. विचारतायत, आम्ही पास झालो का?”

 गुरुजींनी साहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला. हरणाबाई पदराने डोळे टिपत नातीला म्हणाल्या, “सांग त्यास्नी, पाचव्या पोळीलाच पास झालं हुतं. वरच्या चार उगंच खाल्ल्या.”

हे भाषांतर करायला कुणीच धजेना.