दोन कढयांची बोट

गाठ आपोआप सुटली नाही. गयाबाईनं ती स्वतःच्या हातानं सोडली.

आम्ही इसापूर धरणाच्या पाण्यात, काठापासून चांगल्या आत, हळद शिजवायच्या दोन लोखंडी कढयांत बसलो होतो. कढया दोन बांबूंनी एकमेकींना बांधलेल्या. एकीत मी आणि वल्हं मारणारा शेषराव, दुसरीत गयाबाई एकटी, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन. माझ्या डोळ्यांदेखत तिनं एका बांबूची दोरी सोडली. दुसरी दोरी पहिलीच्या भरवशावर होती, ती आपली आपण निसटली. बांबू पाण्यात पडले आणि गयाबाईची कढई आमच्यापासून लांब जात गोल फिरायला लागली.

"हे काहून केलं?" मी ओरडले.

"खऱ्या बोटीवर दोरी सुटली तर काय होतं ते बघावं म्हणलं, वैनी," ती म्हणाली. तोवर तिची पाठ माझ्याकडे झाली होती. कढई फिरून पुन्हा तिचं तोंड समोर आलं तेव्हा म्हणाली, "असं होतं."

गयाबाई माझी नणंद, माझ्या मालकांची धाकटी बहीण. मालक गेले, मुलगी कमल लग्न होऊन गोव्याला गेली. आता घरात आम्ही दोघी आणि एक म्हैस. तिघींत म्हैस शहाणी. गयाबाईचं डोकं वाईट नाही, पण कुठलीही गोष्ट आधी करून बघितल्याशिवाय तिला ठरवता येत नाही. "करून बघू, मंग ठरवू," हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत कोणी म्हटलं तरी मी "बघा" म्हणते.

बाळापूरच्या बाजारात लोखंडी पलंग घ्यायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, बसून बघा. गयाबाई निजली. नुसती आडवी झाली नाही, घोरायला लागली. दुकानदारानं थोडा वेळ कौतुकानं बघितलं. मग मला म्हणाला, "मावशी, उठवा आता त्यांना. काय झालं म्हणून लोक विचारून राहिलेत." उन्हं कलल्यावर ती उठली आणि म्हणाली, "पलंग चांगला हाय, पण सपन खराब पडलं." पलंग तिथंच राहिला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा एक डोळा बांधून कसं वावरायचं ते आधी बघावं म्हणून तिनं घरीच फडकं बांधलं. बांधलं ते चांगल्या डोळ्यावर. गोठ्यात जाऊन म्हशीवर आदळली आणि म्हणाली, "वैनी, जरा बाजूला सरा." हे मी अजून विसरलेले नाही.

कमलला बघायला पाहुणे आले त्या दिवशी पोह्यांचा जिम्मा गयाबाईकडे होता. पोहे काही बाहेर येईनात. मी आत गेले तर ही चुलीपाशी शांत बसलेली. "पोरगं भुकेलं झाल्यावर कसं वागतं ते बघून राहिले," म्हणाली. "पोट भरल्यावर त्याचं काय कळणार हाय?" दुपार झाली, पाहुण्यांचे चेहरे उतरले, पण पोरगा काही बोलला नाही. गयाबाईनं तेव्हा कढई चढवली. जावई चांगला निघाला, पण आमच्याकडे येताना अजूनही पिशवीत बिस्किटाचा पुडा ठेवतो.

बोटीचं काढलं ते या कमलनंच. "माय, दिवाळी झाली की तू आणि आत्या इकडं या. आपण बोटीवर जाऊ." मी म्हटलं, मला पाणी बघायचं तर धरण शेताला लागून आहे, आणि म्हशीला कोण बघील? आत्याला विचार. मग तिनं गयाबाईच्या मोबाईलवर फोटो पाठवला.

पांढरीशुभ्र बोट. खाली दोन नावा शेजारी शेजारी आणि दोघींवर मिळून एक ओटा. ओट्यावर गाद्या, आणि गाद्यांवर काळे चष्मे लावून उन्हात पडलेली माणसं. ऊन आमच्याकडेही आहे, त्यासाठी कोणी बोट करत नाही. शिवाय समुद्रातल्या मासळीचं जेवण. झिंगे, खेकडे, लिंबाची फोड. तिला लक्झरी कॅटामरान म्हणतात, असं कमल म्हणाली. आमच्याकडे लक्झरी म्हणजे रात्री पुण्याला जाणारी बस. गयाबाई तिला 'जोडनाव' म्हणायला लागली.

जागा मोजक्या होत्या. दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारपर्यंत हो की नाही सांगायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. एका शब्दाचं काम. गयाबाईनं त्याला अख्खा पंधरवडा लावला आणि घराला घरपण राहू दिलं नाही. ओसरीतून फाटकापर्यंत जायची, फाटकातून परत यायची. भाकरी थापता थापता हात थांबायचा. "वैनी, बोटीवर संडास कुठं असंल?" भाकरी फाटायची. डाळ निवडायला घ्यायची, निवडलेली पुन्हा निवडायची. "वैनी, समुद्राचं पाणी खारट. मंग मासोळीत मीठ टाकत असतील का न्हाई?" अंथरुणावर पडली की उठून बसायची. "दोन नावांतली एक डावीकडं वळली अन् एक उजवीकडं, तर वरच्या माणसानं काय करावं?" तिच्या फेऱ्यांनी म्हैस पण उठबस करायला लागली. दूध कमी झालं.

बरं, नुसत्या प्रश्नांवर भागलं असतं तर मी सोसलं असतं. एका बाजारी तिनं वाळके झिंगे आणले. ते रांधले. पण हलत्या जागी बसून खाल्ल्यावर पोटात राहतात का, हे बघायचं होतं. म्हणून कडुलिंबाला झोका बांधला आणि त्यावर बसून खाल्ले. झिंगे राहिले, झोक्याची दोरी राहिली नाही.

रोज दुपारी जेवणं झाली की कमलचा फोन यायचा. गयाबाई फोन हातभर लांब धरून मोठ्या आवाजावर लावते, त्यामुळे सगळं मलाही ऐकू यायचं.

"आत्या, ठरलं का?"

"ठरून राहिलं. आज झिंग्याचं बघितलं. बराबर हाय. उद्या कर फोन, उद्या सांगते."

मग झिंगे कसे केले, तिखट किती टाकलं, लेकरू शाळेत जातं का, जावई वेळेवर घरी येतो का. मी भांडी घासून परत आले तरी दोघींचं चालूच. "हो म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा," मी म्हणायची. "तिला कामं हायत का न्हाईत?"

"न बघता कसं सांगू, वैनी?"

शनिवारी तिनं कढया काढल्या. हळद शिजवायला आता यंत्राचे पिंप आलेत, त्यामुळे आमच्या कढया गोठ्यामागं पालथ्या पडून होत्या. जुन्या काळी नदी फुगली की माणसं असल्याच कढईत बसून पलीकडे जायची. धरणात मासे धरणारा शेषराव भोई ओळखीचा. त्याच्याकडे थर्माकोलचा तराफा आहे, तो म्हणाला यावर बसा. गयाबाई म्हणाली, "याला काठ न्हाई. फोटोत काठ हाय."

"मंग एक कढई बास हाय की, मावशी. दोन कशाला?"

"एकीत बसून दोनचा अंदाज कसा येईन?"

शेषरावनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं दोन बांबू आडवे टाकून कढया बांधल्या. दोन्हीकडे वजन सारखं पाहिजे म्हणाला. गयाबाई एकटी आम्हा दोघांना भारी, म्हणून शेषरावसोबत मी बसावं असं ठरलं. मी नाही म्हटलं. "मंग मी एकटीच जाते," गयाबाई म्हणाली आणि खरोखर कढईत जाऊन बसली. ती बुडाली असती तर कमलला मी काय सांगणार होते? बसले. प्रत्येकाच्या कमरेला तेलाचा एकेक रिकामा कॅन बांधला, आणि निघालो.

पुढचं मी सांगितलंच. दोरी सुटली. जोड गेल्यावर आमचीही कढई डगमगायला लागली. वारा होता. लाटा काठावरून आत येत होत्या. शेषराव म्हणाला, "मावशी, बिलकुल हलू नका. बोलू बी नका." त्याचा आवाज पातळ झाला होता, त्यावरून मी समजले. एका वल्ह्यानं तो आमची कढई सावरत होता, आणि गयाबाई लांब लांब चालली होती.

तेवढ्यात फोन वाजला. तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला फोन कंबरेतून काढला आणि हात लांब करून धरला.

"बोल, कमल. न्हाई, घरी न्हाई, धरणात हाय. धरणावर न्हाई, धरणात. तब्येत बराबर हाय."

पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो. कमलचाही आला. "आत्या, आज शेवटचा दिवस हाय. आता लगेच सांगायचं हाय. येणार का न्हाई?"

"उद्या सांगते. उद्या कर फोन."

"उद्या जागा राहणार न्हाई गं."

"मंग जागा राहिली न्हाई, हे सांगायला उद्या फोन कर."

शेषरावनं हलू नका म्हटलं होतं तरी मी गुडघ्यावर उठले.

"कमल, ती हो म्हणून राहिली. जागा धर."

"माय? तू कुठून बोलून राहिलीस?"

"दुसऱ्या कढईतून. जागा धर अन् ठेव फोन."

फोन बंद झाला. गयाबाईनं तो पुसून पिशवीत घातला, पिशवीची गाठ मारली. या वेळची गाठ नीट मारली.

"तुमी काहून मधात बोललात?" ती म्हणाली.

"जायचं न्हाई का तुमाला?"

"जायचं हाय की. पयल्याच दिवशी ठरलं व्हतं." कढई फिरली, तिची पाठ आली. मी वाट बघितली. पुन्हा तोंड आलं. "हो म्हणलं की संपलं न, वैनी. आता ती कशाला करती फोन?"

कमलचा फोन आधी माझ्या मोबाईलवर यायचा, आठवड्यातून एकदा. शेवटी विचारायची, आत्या बरी हाय ना? मी म्हणायची, बरी हाय. गयाबाईच्या वाट्याला तेवढंच. कमल लहान असताना मी शेतात असायचे आणि ती हिच्या कडेवर असायची. हिला नवऱ्यानं दुसरी आणून परत पाठवलेलं. पुढं लग्न असो, जत्रा असो, आम्ही सगळे गाडीत बसायचो आणि गुरांपाशी कोणी तरी पाहिजे म्हणून ही मागं राहायची. तुला यायचं का, असं तिला पहिल्यांदा विचारलं ते या बोटीसाठी.

शेषरावनं पाण्यातला बांबू पकडला आणि त्याच्या टोकानं गयाबाईची कढई ओढून घेतली. तेवढ्या वेळात तिनं डबा उघडून झिंगे खायला सुरुवात केली होती. काठाला लागलो तेव्हा कंबरेपर्यंत भिजलेलो, आणि कढईत वर्षानुवर्षं बसलेली हळद ओली होऊन तिघांच्याही कपड्यांना लागलेली. रस्त्यात एकानं विचारलं, "हळद कोणाची हो, मावशी?" शेषराव म्हणाला, "माझी. दोन नवऱ्या हायत." एवढं बोलला आणि मग पारावर बसून त्यानं बराच वेळ डोकं धरलं.

रविवारी दुपारी फोन आला नाही. गयाबाईनं फोन चार्जिंगला लावला, काढला, आवाज बंद आहे का बघितलं. मला म्हणाली, "वैनी, तुमच्या मोबाईलवरून एकदा लावा बरं." मी लावला. तिचा वाजला. तिनं तो बंद केला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. म्हैस नुकतीच पाणी प्यालेली होती.

सोमवारीही तेच. मी गोठ्यामागं जाऊन कमलला फोन लावला.

"तिला रोज काही तरी विचारत जा."

"काय विचारू, माय? सगळं ठरलं की आता."

"मंग न ठरलेलं काढ."

"म्हणजे?"

"तुला तिनं कडेवर घेतलं तेव्हा तिला कोणी शिकवलं व्हतं का? तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर गयाबाईचा फोन वाजला. बोटीवर जेवणात सुरमई घेणार की झिंगे, हे आधी सांगावं लागतं, असं कमल म्हणत होती. खरं सांगावं लागतं की नाही, मला माहीत नाही. गयाबाई पदर नीट करून ओसरीत जाऊन बसली.

"असं एकदम कसं सांगू? झिंगे माहितीतले हायत. सुरमई मी डोळ्यानं बी बघितली न्हाई. काटे किती असतात तिला? तू खाल्ली का? मंग सगळं सांग."

बोटीवरची जागा पक्की झाली आहे. दिवाळीनंतर ती जाणार आहे, म्हैस मी बघणार आहे. सुरमई की झिंगे, ते अजून चालू आहे.

आमची बातमी कनेरगाव नाक्यापर्यंत पोचली ती मात्र दोन म्हाताऱ्या धरणात बुडाल्या अशी. तिकडचे दोन जण तर भेटायलाही येऊन गेले, आणि चहा पिऊन जरा नाराजच परतले. म्हणून लिहून ठेवते. त्या दिवशी कढयांत तिघं होतो. शेषराव भोई, मी आणि माझी नणंद गयाबाई. तिघंही जिवंत आहोत.